फुलातली जटामांसी

आमच्या ऑफिसातले काका जेवायचेसुद्धा उभ्यानं. फाइलींच्या कपाटावर डबा उघडायचा, पोळीचा तुकडा मोडायचा, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं, मग दुसरा तुकडा. डबा संपेपर्यंत हा माणूस अर्धी दुबई चालून येतो, असं माझं मत होतं. शुक्रवारी ते आमच्याकडे अजमानला जेवायला यायचे, तेव्हाही ताट हातात घेऊन गॅलरी ते फ्रिज अशा फेऱ्या. माझी सात वर्षांची मुलगी त्यांना विचारायची, "काका, व्हाय डोन्ट यू सिट?"

"बसलं की माणसाला मुळं फुटतात, बाळा. मुळं फुटलेल्यांचं काय होतं ते मी रोज गोदामात बघतो."

मुलगी "ओके" म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मी वाढायला लागायची.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. देरा भागात एका कच्छी शेठची फर्म होती. हिरडा, सोनामुखी, डिंक, जटामांसी असा सगळा वाळका माल हिंदुस्थानातून आणायचा आणि आखातभर विकायचा. मी तिथे डॉक्युमेंटेशनला होते. म्हणजे इतरांनी सांगितलेली पत्रं टाइप करायची आणि ती आपल्याला समजली आहेत हे कुणाला कळू द्यायचं नाही. काका माल तपासायचे. संगमेश्वराकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईत काष्ठौषधींच्या घाऊक दुकानात वीस वर्षं काढून इकडे आलेला. शेठनं त्यांची कार्डं छापली होती, त्यांवर सोनेरी अक्षरांत 'क्वालिटी कंट्रोल मॅनेजर' असं होतं. कुणी हुद्दा विचारला तर काका सांगायचे, "मी माल हुंगतो." कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते वाणसामानाची यादी करायचे.

गोदाम रास अल खोरला होतं. आठवड्यातून एकदा मी कागद घेऊन त्यांच्याबरोबर जायची. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि त्या भट्टीत बर्फाच्या शेजारी उगवणाऱ्या जटामांसीच्या गोण्या एकावर एक रचलेल्या. आपल्याकडे केसांच्या तेलात आणि उटण्यात असते तीच ही. मुळाला तांबूस केसांच्या जटा असतात आणि वास असा, की आवडला तर आवडला, नाहीतर माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो. काका गोणीत खांद्यापर्यंत हात घालायचे. "गोणीच्या तोंडाशी व्यापारी असतो," ते म्हणायचे, "माल असतो तळाशी." तळाचं मूळ काढून हुंगायचं, दाढेखाली चावायचं, आणि तोंड कडूझार झालं तरी पुढचा अर्धा तास पाणी प्यायचं नाही. पाणी प्यायलं तर पुढची गोणी खोटं बोलते, म्हणे.

आमच्यात त्यांना बरणीकाका म्हणत. ते शारजात रोला भागात सहाजणांच्या खोलीत राहायचे, आणि खिडकीत त्यांच्या अकरा काचेच्या बरण्या होत्या. जॅमच्या, लोणच्याच्या, सरबताच्या पावडरीच्या. शारजात दारूला बंदी, त्यामुळे बिल्डिंगच्या वॉचमननं एकदा त्या बरण्यांची कसून झडती घेतली आणि एक वास घेऊन माफी मागितली. प्रत्येक बरणीत एकच जटामांसीचं मूळ होतं. दरवर्षी आलेल्या मालातलं, ना चांगलं ना वाईट, मधलं. खोलीतले बाकीचे पाचजण वासाबद्दल रोज बोलायचे. एकाचं म्हणणं होतं, "काका, तुमची बायको इथे नाही म्हणून हे चाललंय." काका म्हणायचे, "ती असती तर बाराव्या बरणीला जागा केली असती."

मी आणि माझा नवरा एकदा तिथे गेलो होतो. काकांनी बरण्या डावीकडून उजवीकडे दाखवल्या. पहिल्या बरणीतलं मूळ अंगठ्याएवढं जाड होतं. चौथ्या-पाचव्यातलं करंगळीएवढं. मग पेन्सिल. शेवटच्या बरणीत जे होतं ते मला आधी उदबत्तीचा तुकडा वाटला.

"व्हरायटी वेगळी असेल," माझा नवरा म्हणाला. तो इंजिनिअर असल्यामुळे त्याला कशाचंही कारण लगेच सुचतं.

"तीच आहे," काका म्हणाले. "मोठी संपली. आता पोरं उपटतायत."

त्या दिवसापासून त्यांच्या फेऱ्या वाढल्या. पूर्वी जेवताना चालायचे, आता माझ्याशी बोलतानाही चालायला लागले. मी टाइपरायटरवरून मान इकडून तिकडे फिरवून थकायची. भेटेल त्याला एकच प्रश्न. त्याच सुमारास मराठी मंडळात पुण्याहून आलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचं हिमालयावर व्याख्यान झालं. शाल, श्रीफळ, समई, परिचयाची तीन पानं. वक्त्यांनी हिमालयाला पिता म्हटलं, गुरू म्हटलं, शेवटी डोळे पुसले. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या भिंतीशी उभे असलेले काका म्हणाले, "साहेब, तिकडं जटामांसी बारीक का व्हायला लागली?" वक्त्यांनी शाल सावरली. मग म्हणाले, "हा प्रश्न मुळात भावनेचा आहे." टाळ्या पडल्या. काका परतीच्या टॅक्सीत म्हणाले, "ह्यांना गोणीच्या तळातून काढायला पाहिजे."

उत्तर मिळालं ते आमच्याच गोदामात. मानबहादूर नावाचा एक नेपाळी हमाल आमच्याकडे होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. तो जटामांसीच्या गोण्या नेहमी हळू उतरवायचा, हे काकांनी पाहिलं होतं, पण त्याचं कारण विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"मेरी आमा खोदती है, काका," तो म्हणाला. "बहन भी. हमारे ऊपर के पहाड़ का माल है ये."

काका उडालेच. "अरे, इतनी साल से बोला क्यों नहीं?"

"आपने पूछा नहीं."

"बरं मग, पतला क्यों हो रहा है?"

मानबहादूरनं गोणीतून एक मूळ काढलं. त्याच्या टोकाला हिरवट देठ होता आणि देठावर वाळलेली गुलाबी फुलं. "फूल में खोदते हैं ना. पहले दसैं, मतलब दसरा, के बाद खोदते थे, बीज गिरने के बाद. अब सावन में ही ठेकेदार आता है. बोलता है, फूलवाला दो, नहीं तो नहीं लेगा. बीज गिरता ही नहीं, तो नया कहाँ से आएगा?"

"कौन नहीं लेगा?"

मानबहादूरनं त्यांच्याकडे जरा संकोचानं पाहिलं. "दुबई का साहब."

काका तसेच ऑफिसात आले. माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, दिल्लीवाल्याची फाइल काढा. जुनी." मी काढली. ज्या पत्रावर त्यांनी बोट ठेवलं ते मला बघायचीही गरज नव्हती, मीच ते टाइप केलं होतं. दिल्लीचा व्यापारी जटामांसीत दुसरी स्वस्त मुळं मिसळतो अशी शंका आली होती, तेव्हा काकांनी युक्ती काढली होती. मूळ खोटं असू शकतं, फूल खोटं असू शकत नाही. म्हणून पत्र गेलं : प्रत्येक मुळाला फुलासकट देठ असलाच पाहिजे, नसल्यास माल परत. तेव्हा शेठनं त्यांची पाठ थोपटली होती. भेसळ बंद झाली होती. त्या खोऱ्यातला जवळजवळ सगळा माल आमचीच फर्म उचलायची, तेव्हा आमचं पत्र म्हणजे तिथला कायदा.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. "फुलातलं भात कुणी कापतं का हो, बाई?" ते म्हणाले. "शेतकऱ्याचा मुलगा मी. घरी कुणी असं सांगितलं असतं तर बापानं पायातली काढली असती. इथे मी स्वतः लिहून पाठवलं. आणि तुम्ही टाइप केलंत."

शेवटचं वाक्य त्यांनी आरोप म्हणून म्हटलं नव्हतं. मला मात्र ते तसंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते शेठकडे गेले. बरोबर पहिली आणि शेवटची बरणी. केबिनचं दार उघडंच होतं. काकांचं म्हणणं साधं होतं. फुलाची अट काढायची. देठ असावा, पण त्यावरचा तुरा पूर्ण वाळलेला, बी झडून रिकामा झालेला हवा. म्हणजे भेसळही कळेल आणि बीसुद्धा जमिनीत पडलेलं असेल. खणताना मुळाचा खालचा भाग जमिनीतच ठेवावा.

"माल कब आएगा फिर?" शेठनं विचारलं.

"तीन-चार महीना लेट."

"काका, सीझन निकल जाएगा! सामनेवाला सितंबर में बेचेगा और मैं जनवरी में बैठके क्या, फूल सूँघूँ?" शेठ हसले. "हम लोग ट्रेडिंग करते हैं, काका. पहाड़ गवर्नमेंट का है. खलास." आणि बरण्या उचलायची खूण केली, कारण त्यांच्या टेबलावर व्यापारी संघाची नवी शील्ड ठेवायची होती.

काका बाहेर आले आणि माझ्या टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागले. पाचव्या फेरीला म्हणाले, "तुम्ही पत्र टाइप करा."

"कोणतं?"

"ते समजलंय तुम्हाला."

शेठ दर गुरुवारी दुपारी तीसेक पत्रांवर सह्या करत. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात पेन, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. त्या गठ्ठ्यात काय असतं ते ऑफिसात फक्त मला माहीत असायचं. काकांनाही हे माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे मला माहीत होतं.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं बातम्यांचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "तुझा व्हिसा माझ्यावर आहे, म्हणून तू शूर आहेस. काकांचा शेठवर आहे. गावाला घराचं छप्पर घालायचं राहिलंय त्यांचं. त्यांना विचारलंस?"

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. काका म्हणाले, "छपराखाली झोपलोच तर त्याचा उपयोग. सध्या उघड्यावरही झोप लागत नाही."

तो गुरुवार मला चांगला आठवतो. पत्र मी गठ्ठ्यात अकरावं ठेवलं. शेठ कुणाशी तरी कार्पेटबद्दल बोलत होते. दहाव्यावर सही झाली, अकराव्यावर झाली, बाराव्यावर पेन थांबलं. शेठनं फोनवर हात ठेवून विचारलं, "ये स्पेलिंग ठीक है?" मी हो म्हटलं. काका बाहेर पॅसेजमध्ये होते. त्यांच्या चपलांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच बंद होता.

सप्टेंबर आला, माल आला नाही. ऑक्टोबरात शेठ दिल्लीला रोज फोन करायला लागले. नोव्हेंबरात दिल्लीवाल्यानं आमचंच पत्र आम्हाला फॅक्स केलं. शेठ केबिनमधून पत्र धरून बाहेर आले, जणू पत्राला वास येतोय.

"ये किसने निकाला?"

मी उठायच्या आत काका कपाटापासून म्हणाले, "मैंने."

"और टाइप किसने किया?"

"टाइपिस्टला काय विचारता, शेठ? उसको क्या समझता है. जो बोला वो मारा मशीन पे."

मी एम. ए. होते, तेही इंग्रजीत. मी खुर्चीत बसून राहिले. नवरा म्हणाला होता त्याचा अर्थ मला त्या क्षणी पूर्ण कळला, आणि तरीही मी बसून राहिले. हे मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे ते कुणी क्षमा करावी म्हणून नाही. काकांबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, तर मग गोणीच्या तोंडाशीच लिहिल्यासारखं होईल.

काकांचा व्हिसा कॅन्सल व्हायला नऊ दिवस लागले. पासपोर्ट कंपनीकडे असायचे. कंपनीचा माणूस तो विमानतळावर घेऊन येणार आणि काका आत जाताना हातात देणार, अशी पद्धत. आम्ही तिघं सोडायला गेलो. काका रांगेतही जागच्या जागी पुढे-मागे करत होते, मागचा पठाण दोनदा त्यांच्या पायाशी अडखळला. मुळं त्यांनी कागदात गुंडाळून बॅगेत घातली होती, रिकाम्या बरण्या माझ्या मुलीला दिल्या. ती त्यांत पुढे खडू ठेवायला लागली. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तशी ते म्हणाले, "ते राहू द्या. पत्र बदलू देऊ नका, एवढं बघा."

"मी कशी थांबवणार, काका?"

"गुरुवार तुमच्या हातात आहे की."

पण मला काहीच करावं लागलं नाही. त्या जानेवारीत उशिरानं आलेला माल वासाला इतका तेज निघाला, की मधल्या वर्षांत तुटलेले अत्तरवाले परत आले. शेठनं अट तशीच ठेवली. बदलायची तर आधी वाचावी लागली असती. पुढच्या वर्षी एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर हिमशिखरांचं आठ फुटी पोस्टर लागलं. त्यावर निसर्गाचं रक्षण ही आमची परंपरा, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत होतं. फीत कापायला एक बडे गृहस्थ आले होते. शेठनं त्यांना सांगितलं, "ये मेरा पर्सनल आइडिया था." मी शेजारी खजुरांची थाळी धरून उभी होते.

मानबहादूर दोन वर्षांनी रजेवर गेला आणि चार महिन्यांनी परत आला. गोदामात मी त्याला आधी हेच विचारलं. तो म्हणाला, त्याच्या आमाच्या उतारावर, जिथे नुसतं खणलेलं होतं, तिथे बारीक पानं आली आहेत. आमा तिथून बकऱ्या हाकलते.

मी त्याच दिवशी फोनचं तीस दिरहॅमचं कार्ड घेतलं. नवरा सवयीनं म्हणाला, "म्हणजे साडेतीनशे रुपये," आणि मग स्वतःच म्हणाला, "घे, घे." काकांच्या घरी फोन नव्हता. गावातल्या किराणा दुकानात होता. दुकानदारानं दहा मिनिटांनी करायला सांगितलं. दहा मिनिटांनी काका धापा टाकत होते.

"बोला, बाई."

मी सांगितलं.

"किती आलीयत?" त्यांनी विचारलं.

"पानं? त्यानं काही मोजली नाहीत."

"मोजली नाहीत? मग चार महिने तिकडं करत काय होता?"

"काका, आली आहेत ना. तुम्हाला बरं वाटेल म्हणून फोन केला."

"एका उतारावर आली. पलीकडच्या खोऱ्यातला माल कोण घेतं? तो अजून फुलातच येतो ना?"

येत होता. देरातल्या पाच दुकानांत फुलासकट बांधलेल्या जुड्या मी येता-जाता बघत होते. मी तसं सांगितलं.

"मग मला बरं कसलं वाटायचं? कागद आहे जवळ? लिहून घ्या."

मी कार्डाच्या पाकिटावर लिहायला लागले. काका पत्र सांगत होते आणि दुकानात त्यांच्या फेऱ्या चालू होत्या, कारण आवाज मोठा व्हायचा, लहान व्हायचा, आणि दुकानदार मधूनच "ओ, वायर ओढतेय" असं ओरडायचा. बी पडल्याशिवाय खणू नये, अर्धं मूळ ठेवावं, एकाच जागी दरवर्षी खणू नये, आणि फुलातला माल आणणाऱ्याला… इथे कार्ड संपलं.

फुलातला माल आणणाऱ्याला काय करावं, ते मला माझ्या मनानं लिहावं लागलं. पाच दुकानांना पाच पत्रं. शेठच्या गठ्ठ्यात ती घालता येण्यासारखी नव्हती. खाली माझं नाव टाइप केलं आणि सही केली. तोवर मी त्या ऑफिसात हजारो पत्रं टाइप केली असतील. माझ्या सहीनं गेलेली ही पहिली.

एकाचं उत्तर आलं. दोन ओळी होत्या. आपण कोणत्या कंपनीतर्फे लिहीत आहात, आणि हा उशिरा खणलेला माल नमुन्याला मिळेल का. मला एवढी घाई झाली, की मी चालत न जाता पळत बूथवर गेले आणि नवं कार्ड घातलं. दुकानदारानं आवाज ओळखला.

"काका नाहीत हो, बाई. मंगळवारी गेले."

"कुठे?"

"नेपाळला. घरात केवढा तमाशा झाला. बायको रडली, मुलगा म्हणाला, ह्या वयात डोंगर कसला चढता. तर म्हणाले, मोजून येतो. कुणाचं ऐकलं नाही. पत्ता म्हणून तुमच्या त्या हमालाच्या गावाचं नाव लिहून ठेवलंय फक्त." त्याला बोलायला वेळ होता. गिऱ्हाईक नसावं. "मला एक सांगा, तुम्हाला माहीत असेल. नेपाळात एवढं काय मोजायचं असतं?"

कार्डावर अजून अकरा मिनिटं दिसत होती. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि त्याला विचारलं, "तुमच्या दुकानात जटामांसी आहे का? असली तर एक मूळ हातात घ्या."